आधी सेव्ह, मग सेल

जुन्या बाजारात टेबलावर मांडलेलं मी शेवटी बघते. आधी टेबलाखाली वाकते. तिथे खोकी असतात, आणि ज्याचं काय करायचं हे विकणाऱ्यालाच कळलेलं नसतं ते सगळं त्यांत असतं. गुंतलेल्या वायरी, टीव्ही गेल्यावर मागे राहिलेले रिमोट, कॅल्क्युलेटर, कुठल्या मोबाइलचे ते आता कुणालाच सांगता येणार नाही असे चार्जर. गेमची कॅसेट अशा खोक्याच्या तळाशी जाऊन बसते. वायरी ओढायच्या नाहीत, गुंता आणखी आवळतो. एकेक सोडवत, बाजूला ठेवत खाली जायचं.

बोटांना आता सवय झाली आहे. न बघताही कळतं की हे कॅमेऱ्याचं झाकण, हा बंद पडलेला पेजर, आणि हे चपटं, वरचा एक कोपरा कापलेलं, ही गेमबॉयची, म्हणजे निंटेंडोच्या हातात धरून खेळायच्या मशीनची कॅसेट. तो कापलेला कोपरा उगाच नाही. १९८९ च्या पहिल्या गेमबॉयचं चालू-बंदचं बटण सरकवलं की आतली प्लास्टिकची जीभ त्या खाचेत जाऊन बसते, म्हणजे गेम चालू असताना कॅसेट बाहेर ओढता येत नाही. पुढे फक्त गेमबॉय कलरवर चालणाऱ्या कॅसेट आल्या, त्यांना ही खाच नाही. खोक्यात हात घातल्या घातल्या बोटाला खाच लागली की माझ्या पोटात गोळा येतो. इतक्या वर्षांनंतरही येतो.

आमच्या घरी याला कॅसेटच म्हणायचे. कार्ट्रिज हा शब्द मी खूप नंतर ऐकला आणि अजूनही तोंडात बसत नाही. दादाचा आणि माझा मिळून एकच गेमबॉय होता, आणि कोण किती वेळ खेळलं यावरून आमची जेवढी भांडणं झाली तेवढी दुसऱ्या कशावरून झाली नसतील. हातात सोल्डरिंग गन धरायला मला त्यानेच शिकवलं. तो आता खेळत नाही, पण अडले की मी त्यालाच फोन करते.

बाजाराला जाताना माझ्या पिशवीत ठरलेल्या वस्तू असतात. चार्ज केलेला गेमबॉय अॅडव्हान्स एसपी, कारण त्याच्या पडद्याला स्वतःचा उजेड आहे आणि त्यावर तिन्ही पिढ्यांच्या गेमबॉयच्या कॅसेट चालतात. कानकोरणीचा कापूस. आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली. एक टॉर्च. आणि ३.८ मिलिमीटरचा खास पाना, कारण या करड्या कॅसेटच्या पाठीवर जो एकुलता एक स्क्रू असतो तो साध्या स्क्रू-ड्रायव्हरने निघत नाही. पाना बाजारात वापरायचा नाही, हा माझा नियम आहे. विकत घेतल्याशिवाय दुसऱ्याची वस्तू उघडायची नाही. पण स्क्रू नीट बघायचा. तो साधा, चार खाचांचा दिसला तर कॅसेट आधी कुणीतरी उघडली आहे किंवा ती मुळात अस्सल नाही.

नकली मालानं या छंदाची फार वाट लावली आहे, आणि मला त्याचा खरंच राग येतो. गेमबॉय अॅडव्हान्सच्या कॅसेटमध्ये तर नकलीच जास्त हाताला लागतात. ओळखायच्या दोन खुणा मी पोरांनाही शिकवते. कॅसेटच्या खालच्या तोंडातून टॉर्च मारायचा. सोनेरी पट्ट्यांच्या अगदी वर, आतल्या सर्किटच्या पाटीवर ‘निंटेंडो’ असं बारीक छापलेलं असतं. ते नसेल तर ठेवून द्यायची. दुसरं म्हणजे लेबलवर तिरपा उजेड पाडायचा. अस्सल लेबलावर शाईचे नव्हे, तर दाबून उमटवलेले दोन आकडे असतात, नखानंही जाणवतात. एकदा एका विकणाऱ्यानं शपथेवर अस्सल म्हणून दिलेली कॅसेट मी घाईत घेतली. तिसऱ्या दिवशी तिच्यातलं सगळं पुसलं गेलं. उघडली तर चिपच्या जागी काळ्या डांबरासारखा एक ठिपका होता.

फुंकर मारण्याबद्दल एकदाच लिहिते आणि सोडून देते. आपण सगळ्यांनीच मारली आहे. कॅसेट काढायची, फुंकायची, परत घालायची, आणि गेम चालू व्हायचा. चालू व्हायचा तो परत घातल्यामुळे. अमेरिकेत १९८५ साली आलेल्या एनईएसमध्ये, म्हणजे निंटेंडोच्या टीव्हीला जोडायच्या मशीनमध्ये, कॅसेट आत सरकवून खाली दाबावी लागे. त्या दाबण्यानं आतला ७२ पिनांचा सांधा हळूहळू ढिला पडे. त्यात एक कुलपाची चिप होती. कॅसेटमधल्या जोडीदार चिपशी तिचं बोलणं जुळलं नाही की ती सेकंदाला एकदा मशीन पहिल्यापासून चालू करायची. लाल दिवा लुकलुकायचा तो यामुळे. पुन्हा बसवल्यावर पिना कधीतरी नीट टेकायच्या आणि श्रेय जायचं फुंकरीला. तोंडातला दमटपणा मात्र पट्ट्यांवर राहायचा आणि वर्षानुवर्षं त्यांना खात बसायचा. मी कापसाला अल्कोहोल लावून पट्ट्या पुसते तेव्हा पहिला कापूस काळाकुट्ट निघतो, दुसरा राखाडी, तिसऱ्याला फक्त कडेला रेघ. चौथा पांढरा निघेपर्यंत मी थांबत नाही. त्या काळ्या रंगात कुणाकुणाची फुंकर आहे असं मला दर वेळी वाटतं.

अॅडाप्टरबद्दलही सांगायला हवं, कारण इथे मी एक चांगलं मशीन गमावलं आहे. खोक्यात अॅडाप्टर ढिगानं असतात आणि टोक बसतंय म्हणून घालून बघण्याचा मोह होतो. एनईएसचा अॅडाप्टर ९ व्होल्ट देतो, पण तो एसी. सेगाच्या पहिल्या मेगाड्राइव्हलाही ९ व्होल्टच लागतात, पण डीसी, आणि तेही मधली पिन ऋण. आकडा सारखा, टोक बसतं. मी घातला. वास आला. त्या दिवसापासून अॅडाप्टरच्या पोटावरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय मी काहीही कशात घालत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

एका बाजारात मला पोकेमॉन गोल्डची कॅसेट मिळाली. जपानमध्ये १९९९ ला आलेला गेम. लेबलचा कोपरा गेलेला, मागे फाटलेल्या स्टिकरचा चिकटपणा. तिथेच उभं राहून एसपीत घातली तर ‘कंटिन्यू’ आलं. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या काळच्या अनेक कॅसेटमध्ये खेळ जिथे थांबवला तिथपर्यंतची नोंद एका छोट्या मेमरीत राहते, आणि त्या मेमरीला सतत वीज लागते. ती वीज देतो आत सोल्डर केलेला बटणासारखा सेल. सेल संपला की नोंद गेली. मूळ गेम जातो असं नाही, तो वेगळ्या चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला असतो आणि त्याला सेल लागत नाही. जातं ते फक्त खेळणाऱ्याचं. गोल्डमध्ये भर म्हणजे आत घड्याळही आहे, गेममध्ये खरा दिवस आणि खरी रात्र होते, आणि ते घड्याळ त्याच सेलवर चालतं. त्यामुळे या कॅसेटचे सेल लवकर मरतात. तरीही ती जिवंत होती.

पडद्यावर १६ बॅज होते, म्हणजे गेममध्ये जिंकायचे सगळेच, आणि १८७ तास. घरी येऊन मी ती नोंद उघडली. संघात सहा पोकेमॉन, त्यातले पाच कुणाच्याही संघात असावेत असे तगडे. सहावा सेंट्रेट. सेंट्रेट म्हणजे गेम सुरू झाल्या झाल्या गवतात भेटणारं, शेपटीवर उभं राहून बघणारं इवलंसं जनावर. १५ व्या लेव्हलला ते फरेट होतं, लांब आणि जास्त ताकदीचं. हे ५८ व्या लेव्हलचं होतं आणि अजून सेंट्रेटच होतं. एव्हरस्टोन नावाचा एक दगड हातात दिला तर पोकेमॉन बदलत नाही, म्हणून मी मुद्दाम बघितलं. दगड नव्हता. म्हणजे १५ पासून पुढे प्रत्येक लेव्हलला, ते बदलायला लागलं की त्या मुलानं किंवा मुलीनं बी बटण दाबून त्याला थांबवलं होतं. चाळीसहून जास्त वेळा. तू आहेस तसाच राहा.

सेल मोजला तर २.७ व्होल्ट भरला. नवा ३ असतो. मी घाबरले, आज-उद्या जाणार म्हणून त्याच रात्री बदलायला घेतला. मनात असं होतं की पटकन काढला, पटकन लावला तर काही सेकंद ती मेमरी तग धरेल. दादाला फोनही केला नाही, उशीर झाला होता. जुना सेल निघाला, नव्याचे पाय लावले, सोल्डर सुंदर बसलं, अगदी चकाकणारं. चालू केलं. ‘न्यू गेम’ आणि ‘ऑप्शन’, एवढंच.

मी कितीतरी वेळ तो पडदा बघत बसले. कुणीतरी १८७ तास जपलेलं, पुढे वीसेक वर्षं अंधारात टिकलेलं, ते माझ्या टेबलावर गेलं, आणि गेलं ते मला वाचवायचं होतं म्हणून. सकाळी दादाला सांगितलं. तो रागावला नाही, फक्त म्हणाला, “अगं, आधी उतरवून नाही का घ्यायचं?”

उतरवून घ्यायचं म्हणजे कॉपी. कॅसेट रीडर नावाचं एक छोटं यंत्र मिळतं, एका बाजूला कॅसेट घालायची, दुसरी बाजू कॉम्प्युटरला. सेव्ह वाचून फाइल करतं, सेल बदलल्यावर तीच फाइल परत आत लिहितं. गोल्डची ती अख्खी मेमरी ३२ किलोबाइटची. आज एका फोटोत असे शंभर सेंट्रेट मावतील. काही सेकंदांचं काम होतं. तेव्हा माझ्याकडे रीडर नव्हता, पण थांबता आलं असतं. सेल आणखी महिनाभर टिकला असता कदाचित, पण एका रात्रीसाठी नक्कीच टिकला असता.

त्यानंतर माझी शोधायची नजरच बदलली. दुर्मिळ कॅसेटमागे धावणाऱ्यांशी माझं काही भांडण नाही, मी त्यांच्या गोष्टी आवडीनं ऐकते. १९९० च्या निंटेंडोच्या स्पर्धेसाठी काढलेल्या कॅसेट आहेत, करड्या ९० आणि सोनेरी २६, बास. तशी एखादी खोक्याच्या तळाशी सापडावी असं कुणाला वाटणार नाही? पण मला आता साधी, लाखोंनी खपलेली, मळकी कॅसेट मिळाली तरी चालते. जास्तच चालते. जी खूप खेळली गेली तिच्यात कुणीतरी असण्याची शक्यता जास्त.

प्लेस्टेशनची मेमरी कार्डं मी त्याच कारणासाठी गोळा करते. ती कुणाला ओळखू येत नाहीत, चार्जरच्या खोक्यात पडून असतात. एका कार्डात १५ घरं, प्रत्येक नोंदीला स्वतःचं हलणारं इवलं चित्र. त्यांना सेल नाही, म्हणून त्यांची मला घाई नाही. घाई आहे ती कॅसेटची. माझ्याकडे येईपर्यंत किती संपल्या असतील याचा हिशोब मी करत नाही, पण दहा कॅसेट लावल्या की सहा-सातांत काही नसतं, किंवा चालू करावं आणि दर वेळी नव्याने सगळं कोरं, म्हणजे सेल गेलेला.

व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. अमेरिकेत २०१० च्या आधी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज कुठेही विकत मिळत नाहीत, असं तिच्यात निघालं. हा आकडा वाचून मी हादरले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये निंटेंडोनं थ्रीडीएस आणि वी-यू या आपल्या मशीनची ऑनलाइन दुकानं बंद केली आणि तिथे मिळणारे जुने गेम एका दिवसात विकत घेता येईनासे झाले. म्हणून जुन्या बाजारातली कॅसेट महत्त्वाची आहेच. पण गेम निदान कुणीतरी, कुठेतरी, कशात तरी जपून ठेवेल. संग्रहालयं आहेत, हौशी लोक आहेत, गेमची एक कॉपी हरवली तर दुसरी सापडते. सेंट्रेटची दुसरी कॉपी नव्हती.

मागच्या महिन्यात सकाळी सकाळी पाऊस येऊन गेला होता आणि अर्ध्या लोकांनी टेबलं प्लास्टिकनं झाकून ठेवली होती. एका बाईंकडे शिवणाचं सामान होतं, बॉबिन, बटणं, जुन्या कात्र्या. त्यांच्या बटणांच्या डब्यात करड्या प्लास्टिकचा कोपरा दिसला. खाच असलेला.

“मावशी, हे पण विकायचं आहे?”

“ते होय? डब्याबरोबर आलंय ते. चालतं का बघा बाई, मला काही त्यातलं कळत नाही.”

झेल्डाची लिंक्स अवेकनिंग, १९९३ ची. पट्ट्या हिरवट झालेल्या. तिथेच स्टुलावर बसून तीन कापूस घालवले. दोनदा पडदा कोरा आला, तिसऱ्यांदा निंटेंडोची पाटी वरून सावकाश खाली उतरली. या गेममध्ये नोंदीसाठी तीन जागा असतात, प्रत्येकीत पाच अक्षरांचं नाव. तिसरी रिकामी. दुसरीत नुसतं तीनदा ए, कुणीतरी घाईत भरलेलं. आणि पहिलीत नाव होतं ‘थीफ’. चोर.

मी मोठ्यानं हसले. मावशी बघायला लागल्या, मग मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. या गेममध्ये गावात एक दुकान आहे. वस्तू उचलायची, दुकानदाराभोवती फिरत राहायचं, त्याची पाठ वळली की दारातून पळायचं. जमतं. पैसे द्यावे लागत नाहीत. पण त्यानंतर गेम तुमचं नाव बदलून टाकतो, आणि भेटेल तो माणूस तुम्हाला ‘थीफ’ म्हणून हाक मारतो, शेवटपर्यंत. परत त्या दुकानात गेलात तर दुकानदार तिथल्या तिथे जीव घेतो. दुकानातली सगळ्यात महाग वस्तू म्हणजे धनुष्य, त्या जगातल्या ९८० नाण्यांचं. तेवढी जमवायला गवत कापत फिरावं लागतं. लहान असताना मी जमवली होती. या मुलानं नाही जमवली.

“म्हणजे चोरी केली तर नाव लागतं,” मावशी म्हणाल्या. “आणि ते अजून आहे त्याच्यात?”

“अजून आहे.”

त्यांनी हात पुढे केला, मी एसपी त्यांच्या हातात दिला. त्यांनी ती पाच अक्षरं चष्मा वर करून नीट बघितली.

घरी येऊन मी पाना हातात घेतलाच नाही. आधी रीडर. त्या कॅसेटची नोंदींची मेमरी ८ किलोबाइट, म्हणजे ८,१९२ बाइट. कॉम्प्युटरवरची पट्टी डोळ्यांदेखत भरून गेली. फाइल उघडून बघितली, मग दोन ठिकाणी ठेवली, मग दादाला पाठवली आणि फोन करून विचारलं की उघडते ना. उघडते म्हणाला. तेव्हा कुठे स्क्रू काढला. सेल २.४ व्होल्टवर होता. गोल्डच्या सेलहूनही कमी. पायाशी पांढुरकी बुरशी धरलेली, तांब्याची रेघ एका जागी काळवंडलेली. ती खरवडून, पुसून, नवा सेल पाय असलेलाच आणला होता तो लावला. सेलवर थेट सोल्डर करायचं नाही, तापून फुटू शकतो, म्हणून कारखान्यातच पाय जोडलेले सेल मिळतात तेच घ्यायचे. या वेळी सोल्डर तितकं देखणं बसलं नाही. हात थोडा कापत होता.

चालू केलं तर तिन्ही जागा कोऱ्या. माहीत होतं, तरी छातीत धस्स झालं. रीडरला लावून फाइल परत आत लिहिली. पुन्हा चालू केलं. थीफ. खाली तीनदा ए. तिसरी रिकामी.

पहिली नोंद उघडली. लिंक, म्हणजे गेमचा नायक, गावात उभा होता, सात हृदयं, हातात धनुष्य. पुढच्या देवळाची किल्ली घेऊन तो मुलगा कुठे निघाला होता आणि मध्येच का थांबला, हे त्यातून कळत नाही. मी त्याला गावातून फिरवलं. दोन-तीन लोकांशी बोलले, त्यांनी त्याच नावानं हाक मारली. दुकानाच्या दारापर्यंत नेलं आणि परत फिरवलं.

या गेममध्ये सेव्ह करायला चारही बटणं एकदम दाबावी लागतात, ए, बी, स्टार्ट आणि सिलेक्ट. मी ती दाबली नाहीत. तसाच बंद केला.